बीपीची गोळी गावातच मिळते तेव्हा

मला बीपी आहे हे कळलं ते आमच्या गावच्या आशा दीदीमुळे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरत ती घरोघर फिरत होती. वय किती, तंबाखू-दारू आहे का, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, आठवड्यात चालणं किती होतं, आणि कंबर किती. कंबरेसाठी तिनं टेप काढली तेव्हा सासूबाई हसायलाच लागल्या, "ही काय ब्लाउज शिवायला आलीय का?" प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं, असा तो हिशेब. माझी गेली. माझ्या वडिलांना बीपीपायीच लकवा झाला होता, त्याचे गुण तर होतेच, कंबरेचेही होते.

आमचं गाव इंदूर जिल्ह्यात, बेटम्याच्या बाजूला. सासरची थोडी शेती आहे, हे पीथमपूरला कारखान्यात जातात आणि मी सरकारी शाळेत शिकवते. माहेर इंदूरचंच, राजेंद्र नगरचं. त्यामुळे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "गावात काही करू नकोस, इकडे ये, चांगल्या डॉक्टरला दाखवू." मला ते पटत नव्हतं, आणि कारण पैशाचं कमी, रजेचं जास्त होतं. बीपीला एकदा दाखवून भागत नाही, दर महिन्याला जावं लागतं. दर महिन्याला एक सीएल घालवून, बस धरून, शहरातल्या वेटिंग रूममध्ये बसायचं हे मी किती दिवस करणार होते? वडिलांचं तेच झालं होतं. डॉक्टर नामांकित होते, पण गोळ्या संपल्या की "पुढच्या फेरीला आणू" म्हणत ती फेरी लांबत जायची.

गावचं सेंटर शाळेपासून चालत जाण्यासारखं. कागदोपत्री ते उपस्वास्थ्य केंद्र, मग हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं आणि 2023 पासून पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलेलं आहे. डॉक्टर तिथे नसतात. एक सीएचओ मॅडम आणि एएनएम दीदी, म्हणजे गावची नर्स. सीएचओ म्हणजे नर्सिंग शिकून वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स केलेली मुलगी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची.

तिनं बीपी मोजलं ती पद्धत मला अजून लख्ख आठवते, कारण तोवर कोणी तसं मोजलंच नव्हतं. मी शाळेतून तरातरा आले होते. तिनं आधी विचारलं, चहा कधी घेतला? बाथरूमला जाऊन यायचंय का? मग खुर्चीत पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर सरळ ठेवायला लावले, मांडीवर मांडी नाही. बाही वर करून हात टेबलावर. टेबल ठेंगणं होतं म्हणून हाताखाली दोन रजिस्टरं ठेवली, म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला आला. आणि म्हणाली, "मॅडमजी, अब पाँच मिनट कुछ नहीं बोलना." दिवसभर बडबड करून पोट भरणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नाही. मी काही तरी विचारायला तोंड उघडलं की ती नुसती बोट ओठांवर ठेवायची. पहिलं रीडिंग 168/104, थोड्या वेळानं दुसरं 162/100. दोन्ही लिहिली. "आज के आज बीपी का मरीज नहीं बोलूँगी," म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. 140/90 च्या खाली काही ते आलं नाही.

गोळी सुरू करायची ती डॉक्टरनं. सीएचओ ती पुढे चालू ठेवू शकते, दर महिन्याला देऊ शकते, पण पहिली चिठ्ठी तिची नाही. तिनं सेंटरमधूनच ई-संजीवनीवर, म्हणजे डॉक्टरांशी ऑनलाइन बोलायच्या सरकारी सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. नेट दोनदा तुटलं, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तहसीलच्या सरकारी दवाखान्यात जाऊन क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), शुगर, लघवी आणि ईसीजी करून घ्या, तिथेच औषध सुरू होईल.

सगळ्या प्रकरणात कंटाळवाणं काही असेल तर तो दिवस. पर्चीची रांग, मग एनसीडीच्या, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या, खोलीची रांग, मग लॅबची, आणि लॅब दुपारनंतर नमुने घेत नाही हे रांगेत उभं राहिल्यावर कळतं. खोलीच्या दारातच एकानं उभ्याउभ्या, स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून बीपी मोजलं आणि 184 असा आकडा पर्चीवर टाकला. डॉक्टर तो बघून लगेच दोन औषधं लिहायला लागले. मी सीएचओनं लिहून दिलेला कागद पुढे केला, तारखा आणि रीडिंगं असलेला. त्यांनी तो वाचला, मला बाकावर बसवलं आणि थोड्या वेळानं स्वतः मोजलं. 164 आलं. मग एकच गोळी लिहिली, अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज एक. माझं मत असं झालंय की सरकारी दवाखान्यात तोंडी सांगणं वाऱ्यावर जातं, कागद मात्र वाचला जातो.

महिन्यानं 150/94. मग डोस 10 चा झाला आणि माझे घोटे सुजायला लागले. सकाळी काही नाही, पण शाळा सुटेपर्यंत चपलेचा पट्टा पायात रुतून लाल वळ उठायचा. मला वाटलं किडनीचं काही निघालं की काय. सीएचओनं नडगीवर अंगठा दाबून धरला, खड्डा पडला तो बघितला, आणि माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट काढून दाखवला, तो ठीक होता. ही गोळी मोठ्या डोसात पुष्कळांना असं करते, म्हणाली, पण स्वतःहून बंद करू नका. परत डॉक्टरांशी बोलणं. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आणि सोबत टेल्मिसार्टन 40. ही दुसरी गोळी देण्याआधी तिनं मला बाजूला घेऊन पाळी चालू आहे का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, हे विचारलं. या वयात हा प्रश्न ऐकून मी लाजले, पण कारण खरं होतं: टेल्मिसार्टन गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून पाळी चालू असलेल्या प्रत्येकीला ती विचारते. या जोडीवर महिन्या-दोन महिन्यांत बीपी 130 च्या आसपास आलं आणि सूज गेली.

आईच्या समाधानासाठी मध्ये एका सुट्टीत इंदूरच्या एका खाजगी डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी माझं सेंटरचं बीपीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, म्हणाले, हेच चालू ठेवा. फी दिली आणि आम्ही सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला.

आता नेहमीचं कसं चालतं ते सांगते. गोळ्या महिन्याच्या मिळतात, फुकट. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक गावात येतातच, म्हणून सीएचओनं बीपी-शुगरवाल्यांना तोच दिवस दिलाय. मी शाळेच्या आधी जाते. रिकामी पट्टी दाखवायची, बीपी मोजायचं, कार्डावर आणि तिच्या मोबाईलमधल्या पोर्टलवर नोंद, नव्या पट्ट्या. ठरलेल्या दिवशी आला नाहीत तर फोन येतो, तरी नाही आलात तर आशा दीदी दारात. सोयाबीन काढणीला निम्मी नावं गळतात, तेव्हा सीएचओ संध्याकाळी थांबून खळ्यावरून परतणाऱ्यांना गोळ्या देते. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली खरी ताकद हा फोन आणि ही आशा दीदी आहे. अ‍ॅम्लोडिपिन काही नवं औषध नाही, शहरातही तेच लिहितात. पण बीपी दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे बरं वाटतं आणि गोळी सुटते. कोणी तरी तारीख धरून विचारणारं लागतं. वडिलांच्या त्या नामांकित डॉक्टरांकडे तसं कोणी नव्हतं.

सगळं गोड नाही. मध्यंतरी टेल्मिसार्टनचा साठा आलाच नाही. सीएचओनं चिठ्ठी लिहून दिली, मी जनऔषधी केंद्रातून घेतली. मला ते परवडलं, पण माझ्या पुढे रांगेत असलेल्या मजूर बाईनं ती चिठ्ठी पदराला बांधली आणि ती बाजारात गेली, तिनं गोळी घेतली असेल असं मला वाटत नाही. शिवाय कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो आणि "हमारी वाली नहीं है" म्हणून लोक परत करतात. रक्ततपासणीसाठी अजूनही तहसीललाच जावं लागतं.

खाण्याचं मात्र माळव्यात राहून कठीण. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. इथे पोह्यांवर सेव, उसळीवर सेव, सेव-टमाटरची भाजी, आणि पोह्यांवर भुरभुरायचं जीरावन, ज्यात साधं मीठ असतंच आणि काळं वेगळं. वर आमच्या मराठी घरातलं लोणचं, पापड, सांडगी मिरची. सासूबाईंनी तोड काढली, "आपण शेंदेलोण वापरू, उपासाला चालतं ते बीपीला चालेल." सीएचओनं सांगितलं की तेही सोडियमच. भावानं इंदूरहून कमी सोडियमचं मीठ आणलं, तर ते तिनं ठेवूनच घेतलं: त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननं अंगात पोटॅशियम वाढू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेवटी जमलं ते एवढंच की जीरावनची डबी टेबलावरून गेली, कणकेत मीठ घालणं बंद केलं आणि सेव रविवारपुरती उरली. पहिले पंधरा दिवस पोळी अळणी लागली, आता शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची डाळ खारट लागते.

सासूबाईंचं नाव मी नंतर घातलं. त्या म्हणायच्या, सरकारी गोळीत दम नसतो. त्यांचं बीपी दोन औषधांवरही 160 च्या खाली येईना, तेव्हा माझाही विश्वास जरा हलला. सीएचओ म्हणाली, घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा. सासूबाईंची पिशवी बिस्किटाच्या पुड्याएवढी भरली: गॅसच्या, कॅल्शियमच्या, आणि मेडिकलवाल्याकडून गुडघ्यासाठी आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या. ती त्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं. या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि किडनीवरही ताण येतो, हे त्या मेडिकलवाल्यानं कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या बंद करून पॅरासिटामॉल लिहिली, गुडघ्याचे व्यायाम दिले. व्यायाम त्या करत नाहीत. पण बीपी 142 वर आलं आणि सरकारी गोळीत दम आहे हे त्यांनी शेजारी जाहीर केलं, डायक्लोफेनॅकचं नाव न घेता.

घरी मोजायचं मशीनही घेतलं, दंडावर बांधायचं. मनगटावरचं नको, असं सीएचओनं आधीच सांगितलं होतं. ते एकदा सेंटरवर नेऊन तिच्या मशीनशी ताडून पाहिलं, तीन-चार अंकांचा फरक होता, तो कार्डावर लिहून ठेवलाय.

तुमच्या गावच्या सेंटरवर नाव घालायचं असेल तर आधार आणि मोबाईल न्या, आधीचे रिपोर्ट न्या, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, दुखण्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. सकाळची गोळी घेऊनच जा. बीपी मोजून घ्यायचं म्हणून ती न घेता येणारे बरेच असतात आणि मग त्या दिवशीचा आकडा कशाचा, ते कोणालाच कळत नाही. गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी जा, म्हणजे साठा नसला तर दुसरीकडून आणायला वेळ राहतो. आणि तहसीलला जायचं असेल तर बुधवारी-गुरुवारी जा, सोमवारी रांग फाटकाबाहेर असते.