विंचवाचे बिऱ्हाड: एडिसन ते यॉर्कटाउन

मुलगी व्हर्जिनियातल्या रिचमंडला, आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिच्या घरी खोल्या दोन, नातू लहान, आणि माझे गुडघे असे की मोटेलचा जिना नको वाटतो. म्हणून निवृत्तीनंतर, २०२४ च्या मे महिन्यात, आम्ही दोघांनी पंचवीस फूट लांबीची आर.व्ही., म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, दोन आठवड्यांसाठी भाड्याने घेतली. स्वयंपाकघर, शौचालय आणि पलंग बरोबर असल्यामुळे पुण्याची माझी बहीण फोनवर म्हणाली, "विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!" त्यामुळे गाडीचे नाव विंचू पडले. या आकाराच्या गाडीला आमचे नेहमीचेच लायसन्स चालले.

गाडी ताब्यात देताना तिथल्या माणसाने सगळे तासाभरात उरकले आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा सांगायचा राहिला. तो यजमानांनी कागदपत्रांतून शोधून काढला: उंची १२ फूट. मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी तो डॅशबोर्डवर चिकटवला, आणि पुढचा सगळा मार्ग आम्ही त्या कागदाकडे पाहूनच आखला. दुसरा धडा पहिल्याच पेट्रोल पंपावर मिळाला: वळताना गाडीचा मागचा भाग उलट्या दिशेला बाहेर जातो, आणि तिथे लोखंडी खांब असतात. थोडक्यात बचावलो.

पहिला मुक्काम गेटिसबर्गजवळ होता. वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तीन जोडण्या यजमान चाचपडत करत होते आणि मी टॉर्च धरून उभी होते. शौचालयाची टाकी आधी रिकामी करायची आणि मग अंघोळीच्या व भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते, हे शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी समजावले. तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि खिचडीचा इलेक्ट्रिक कुकर एकदम चालत नाहीत, हे मात्र अंधारात बसून आमचे आम्हीच शिकलो. रणभूमीवरच्या अरुंद रस्त्यांवर विंचू नेण्याऐवजी आम्ही तो अभ्यागत केंद्राच्या मोठ्या वाहनतळावर ठेवून बसने फिरलो. अमेरिकेच्या यादवी युद्धात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथे मृत, जखमी, बंदी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० सैनिकांची हानी झाली, असे ऐकत त्या शांत गवताकडे पाहताना बसमध्ये कोणी बोलत नव्हते.

पुढे शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातील १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह. प्रवेशद्वारावर यजमानांनी ८० डॉलरचा ज्येष्ठ नागरिकांचा आजीवन पास घेतला. वयाची ६२ वर्षे पूर्ण झाली असतील तर तो नक्की घ्यावा. मेरीज रॉकचा बोगदा १२ फूट ८ इंच उंच आहे. हिशेबाने आठ इंच शिल्लक होते, पण आत शिरताना मी मान खाली घातली, जणू छत माझ्याच डोक्याला लागणार होते. बिग मेडोज येथे कुठलीच जोडणी नसल्याने टाकीतल्या पाण्यात दोन दिवस काढले. भांडी कमी पाण्यात कशी घासावीत, हे लहानपणीच्या दुष्काळी गावाने शिकवले होते.

रिचमंडला मुलीच्या दारात गाडी लावली आणि घरातल्या सॉकेटवर दिवे व फ्रिज चालवले. नातू चालकाच्या डोक्यावरच्या बिछान्यात झोपला आणि पहाटेपर्यंत उतरायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र वसाहतीच्या समितीची चिठ्ठी आली, की आर.व्ही.सारख्या गाड्या रात्री इथे लावलेल्या चालत नाहीत. मला राग आला, कारण मुलीच्याच दारात आम्ही उपरे ठरलो होतो. उरलेले चार दिवस आम्ही जवळच्या कॅम्पग्राउंडवर राहिलो आणि मुलगी रोज संध्याकाळी तिथे येऊन माझ्या छोट्या ओट्यावर पोळ्या लाटू लागली.

तिथून नातवाला घेऊन यॉर्कटाउनला गेलो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इथे ब्रिटिश सैन्याने शस्त्रे ठेवली. सेनापती कॉर्नवॉलिसने आजारी असल्याचे सांगून शरणागतीसाठी दुय्यम अधिकारी ओहारा याला पाठवले. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला, आणि टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या बाजूने लढल्या. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. नातवाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "मग आपण त्याचे मित्र होतो का?" यजमान बराच वेळ त्याला 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ समजावत होते.

परतीच्या वाटेवर बाल्टिमोरने अडवले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रोपेन असलेल्या गाड्यांना तिथल्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत बंदी आहे आणि विंचवाच्या पोटात स्वयंपाकासाठी त्याच गॅसची टाकी होती. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, पण २६ मार्चला जहाज आदळून तो पूल कोसळला होता. त्यामुळे शहराला पश्चिमेकडून वळसा घालून, गर्दीत रखडत, आम्ही रात्री उशिरा घरी पोहोचलो.

गाडी परत देताना त्यांनी टाक्या रिकाम्या आहेत का आणि मागे ओरखडा आहे का, एवढे पाहिले. उंचीचा कागद आम्ही मुद्दाम डॅशबोर्डवर तसाच ठेवला.