नागअळीचं एका पानाचं आयुष्य

लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी वेडीवाकडी रेघ दिसली की लोक आधी फवारणीचा पंप शोधतात, मी भिंग शोधतो. कारण नागअळीने, म्हणजे पान आतून पोखरणाऱ्या एका पतंगाच्या अळीने, आत काय काय केलं ते सगळं त्या रेघेत वाचता येतं.

रेघ जिथे दोऱ्याएवढी बारीक आहे तिथून सुरुवात करायची, बऱ्याचदा मधल्या शिरेजवळून. तिथे मादीने अंडं चिकटवलेलं असतं आणि त्यातून अळी निघते ती थेट पानातच. मग सालीखालच्या पातळ थरात चपटं तोंड सरकवत पेशी फोडायच्या, रस प्यायचा, पुढे जायचं. अळी कात टाकत वाढते तशी रेघ रुंद होत जाते, आणि मधोमध जी काळसर रेष दिसते ना, ती तिची विष्ठा. आता बंद घरात दुसरीकडे कुठे टाकणार बिचारी!

शेवटच्या टप्प्यात ती खाणंच सोडते, फक्त रेशीम काढते. पानाच्या कडेला येऊन कड स्वतःवर दुमडून घेते आणि आत कोष. अंड्यापासून पतंगापर्यंत 13 ते 52 दिवस, ऊन असेल तर पटकन, थंडीत रखडत.

आणि एवढं सगळं एकाच पानात हां, पान आवडलं नाही म्हणून शेजारच्या पानात जायची सोय नाही. म्हणजे सगळा भार आईच्या निवडीवर. आणि ही आई केवढी, तर पंख पसरून जेमतेम 4 मिलिमीटर, पांढरी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. तिन्हीसांजेनंतर फिरते आणि बरोब्बर कोवळी पालवी हुडकते, पान जून झालं की साल टणक होते, मग काही उपयोग नाही.

कलकत्त्याच्या नमुन्यांवरून 1856 मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेंटनने हिचं वर्णन केलं, शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. 1993 मध्ये ती फ्लोरिडात सापडली आणि पुढच्याच वर्षी तिच्यामागे एक चिमुकली गांधीलमाशीच्या जातकुळीतली परजीवी माशी सोडावी लागली, जिच्या एका अंड्यातून अनेक पिल्लं निघतात आणि अळीला आतून फस्त करतात. चोरावर मोर!

रोप लहान असेल किंवा खैऱ्या (लिंबावर खरबरीत डाग पाडणारा जिवाणूचा रोग) आसपास असेल तर काळजी घ्यायलाच हवी, कारण तो जंतू याच जखमांतून आत शिरतो. पण मोठ्या झाडाला फारसा फरक पडत नाही. वाकडी झालेली पानं छाटायची तर अजिबात गरज नाही, ती तशीही झाडासाठी अन्न बनवत असतात, आणि छाटलं की नवी पालवी फुटते, म्हणजे हिला परत आवतण.