मधली सुट्टी नसलेलं घर

घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेत जाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त भूक लागते. याला शास्त्रीय आधार काही नाही, पण शंका असेल त्यानं आमच्या घरातला चिवड्याचा डबा सोमवारी एकदा आणि गुरुवारी एकदा उघडून बघावा. शाळेत छोटी सुट्टी असते, मोठी सुट्टी असते, आणि मध्येच कुणाला भूक लागली तर डोळे वटारायला बाई असतात. आमच्याकडे डोळे वटारणारा मी एकटा, आणि बहुतेकदा तेव्हा मलाही भूक लागलेली असते. सकाळी नाश्ता होतो, अकराच्या सुमाराला ‘काहीतरी’ होतं, एकला जेवण, चारला पुन्हा ‘काहीतरी’. अभ्यास या पंगतींच्या मधल्या फटींत बसवायचा.

घरात माणसं पाच. बँकेत नोकरी करणारी बायको, घरबसल्या भाषांतरं करणारा मी, तेरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि या सगळ्या प्रकाराला सुरुवातीपासून विरोध असलेली माझी आई. मुलं शाळेत जात नाहीत हे कळलं की लोक आधी बायकोकडे सहानुभूतीनं बघतात. ती रोज बँकेत जाते हे कळलं की माझ्याकडे संशयानं. ‘मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?’ असं समोरच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं: स्वयंपाक. काकू खूप हसल्या. त्यांना अजूनही तो विनोदच वाटतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न कायद्याचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात शिक्षण म्हणजे शाळाच धरलेली आहे. घरी शिकवणाऱ्यांचं काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. दहावीला मात्र सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘एनआयओएस’, १४ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दहावीच्या परीक्षेला बसू देते, अगदी मराठी माध्यमातूनसुद्धा. तेव्हा पेपरांची चिंता नाही. रोज अकरा वाजता काय खायचं, याबद्दल कुठलंच मंडळ काही सांगत नाही.

आमच्या विज्ञानाची सुरुवात भाकरीपासून झाली. थोरलीच्या भाकरीच्या कडा फाटत होत्या. आई ओट्यापाशी येऊन पिठाकडे नुसतं बघून म्हणाली, “विरी गेलीय पिठाची. आधण घालून मळ.” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. कढत पाण्यानं मळलं आणि भाकरी जमली. का जमली, हे शोधायला दोन दिवस गेले. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ एकमेकांना धरून राहत नाही. उकळत्या पाण्यानं पिठातला थोडा स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच पिठाला बांधून ठेवतो. थोरलीनं हे आजीला वाचून दाखवलं. “मग मी काय वेगळं सांगितलं?” असं म्हणून आई टीव्ही बघायला गेली.

तिचा विरोध असा आहे. म्हणजे ‘पोरं वाया घालवणार तुम्ही’ हे वाक्य दर आठवड्याला होतं, पण धाकट्याचे अपूर्णांक तिनंच शिकवले. तिच्या माहेरची, साताऱ्याकडची धान्याची मापं माळ्यावर होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. धाकट्यानं अख्खी दुपार तांदूळ ओतण्यात घालवली आणि पायलीत सोळा चिपटी बसतात हे स्वतः शोधून काढलं. मग तिनं अपूर्णांकांचे पाढे काढले: निमकी-पाऊणकी घेतली, दिडकी घेतली आणि औटकीलासुद्धा हात घातला. साडेतीनाचा पाढा या घरात आजी आणि नातू सोडून कुणालाही येत नाही. सांडलेले तांदूळ मी गोळा केले. शिक्षणाचा तो भाग माझ्याकडे असतो.

आता फिरण्याबद्दल. घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर तो मंगळवार आहे. रविवारचा सिंहगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. रविवारी गडावर गाड्यांची रांग, भज्यांसाठी रांग, कल्याण दरवाजात फोटोसाठी रांग. मंगळवारी स्वारगेटहून पायथ्याची बस धरावी, आतकरवाडीतून चालायला लागावं, वाटेत कधी कधी लिंबूसरबतवाले सोडून कुणी भेटत नाही. वर पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशींना त्या दिवशी बोलायला सवड असते, आणि ती सवड हीच खरी चैन आहे.

तर एका मंगळवारी थोरलीनं सोबत काचेचा तापमापक घेतला होता. प्रयोगशाळेतला, ११० अंशांपर्यंतचा, पायमोज्यात गुंडाळून. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं हे तिनं वाचलं होतं. ढोबळमानानं तीनशे मीटरला एक अंश. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणून आमच्या ओट्यावर पाणी ९८ च्या आसपास उकळलं होतं. शंभर काही केल्या झालं नव्हतं आणि धाकटा त्यावरून गॅस कंपनीला दोष देत होता. सिंहगड तेराशे मीटरच्या थोडा वर. मावशींच्या चुलीवर आधणाचं पातेलं खळखळत होतं. थोरलीनं विचारलं, “मावशी, यात हे बुडवू का?”

“ताप बघायचा का काय पाण्याचा?” मावशी म्हणाल्या, पण त्यांनी पातेलं पुढं ओढलं.

पारा चढला, ९५ च्या वर गेला, ९६ च्या आत थांबला. जाळ वाढवला तरी हलेना. मावशी, मी, दोन्ही मुलं आणि शेजारचे मडक्यातलं दही विकणारे आजोबा, असे सगळे पातेल्यावर वाकलेलो. थोरलीनं समजावलं: वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही.

मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तरीच. खाली गावात डाळ लवकर शिजती, हितं शिजता शिजत न्हाई. आम्हाला वाटायचं वरचं पाणीच जड हाय.”

“पाणी तेच आहे, मावशी.”

“म्हंजी पाण्याचा काय दोष न्हाई.” आणि आजोबांकडे वळून, “ऐकलं का? उगं देवटाक्याला नावं ठेवतासा.”

गडावरच्या देवटाक्याच्या पाण्याचं नाव आजोबांनी कधी खराब केलं होतं ते आम्हाला कळलं नाही, पण हे जुनं भांडण असावं. मग प्रेशर कुकरचं निघालं. कुकरात वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून डोंगरावर कुकर जास्तच उपयोगी, वगैरे. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि थोरलीला चुलीपाशी बसवून म्हणाल्या, “आता तू शिक. भाकरी हातावर थापून दाव.” ते तिला आलं नाही. आमच्या घरी परातीत थापतात. त्या दिवशी गडावर इतिहासाचा अभ्यास झालाच नाही. तानाजीच्या समाधीपाशी गेलो तेव्हाही पोरं डाळीबद्दलच बोलत होती.

पुण्यातल्या केळकर संग्रहालयातही आमची हीच गत. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलेलं ते संग्रहालय माणूस दिवे आणि अडकित्ते बघायला जातो. आमची मुलं स्वयंपाकघरातल्या भांड्यांसमोर ठाण मांडतात आणि ‘हे घरी का नाही?’ असं विचारतात. आपण सकाळी अकराला, रिकाम्या दालनात असलो की असल्या प्रश्नांना ‘चला चला, पुढे चला’ हे उत्तर देता येत नाही.

खोडदला मात्र गर्दीतच जावं लागतं. नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, लोकांसाठी खुली असते आणि आजूबाजूच्या शाळांच्या बसेस भरून येतात. दारातल्या वहीत नाव लिहून घेणाऱ्या कॉलेजच्या मुलीनं धाकट्याला शाळेचं नाव विचारलं. तो म्हणाला, “घर.” तिनं मान वर न करता लिहिलं, “घर, पुणे,” आणि पुढच्याला हाक मारली. आत तबकडी बघून धाकटा नाराज झाला, कारण ती भरीव नव्हती, तारेच्या जाळीची होती. एका शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं की रेडिओ लहरी लांब असतात, जाळीची भोकं त्यांच्यापुढे फार बारीक, त्यामुळे लहरींना ती जाळी आरशाचंच काम देते. “तुमच्या मायक्रोवेव्हच्या दारातसुद्धा तशीच जाळी असते, बघ.” त्या लहरी साधारण बारा सेंटिमीटरच्या, जाळीतून उजेड बाहेर येतो, लहरी येत नाहीत. घरी आल्यावर तो त्या दाराला नाक लावून बसला. आत त्यासाठी काहीतरी ठेवणं भाग होतं, म्हणून रात्री साडेनऊला बटाटे शिजले.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. म्हणूनच एक गोष्ट सांगायला हवी. घरी शिकणं आणि घरचा स्वयंपाक यांचं आपल्याकडचं नातं काही फार गोड नाही. आनंदीबाई जोशी अभ्यास सोडून चुलीपाशी सापडल्या म्हणून गोपाळरावांनी त्यांना मारल्याची हकीकत सांगतात. त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या, तरी ती हकीकत वाचताना घशाशी येतेच. पंडिता रमाबाईंचं शिक्षण म्हणजे घरच्या शाळेची परिसीमा: वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे, सगळा संसार पाठीवर, आणि संस्कृत शिकवायची आई, लक्ष्मीबाई. कधी? तर उजाडायच्या आत, कारण नंतर तिला घरचं काम असायचं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं. लक्ष्मीबाईंना कुणी काही म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

म्हणून आमच्याकडे ओट्याशी मी उभा असतो, याचं मला थोडं समाधान आहे. फार नाही, कारण रविवारी बायकोच असते आणि मी पेपर वाचतो. गांधीजींचंही लक्षात ठेवतो. त्यांनी मुलांना शाळेत घातलं नाही, आणि आपल्याला रीतसर शिकू दिलं नाही ही थोरल्या हरिलालची तक्रार पुढे मिटली नाही. त्याच गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्यांची नात महापालिकेच्या शाळेत जाते. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारी शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण मिळायला लागलं, आणि त्या खिचडीवर मावशींची दुपार उभी आहे. “पोरगी तिकडं जेवते म्हणून मी दुसऱ्या दोन घरची कामं धरली,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी आमच्या घरी का शिकवतो यावरचं माझं नेहमीचं भाषण केलं नाही. आई मात्र तेवढ्यात म्हणालीच, “मी काय वेगळं सांगत होते? शाळा म्हणजे बाईमाणसाची सहा तासांची सुटका.”

सध्या घरात दोन वाद चालू आहेत. पहिला थोरलीच्या दहावीचा. तिला पाच विषय घ्यायचेत. मराठी, इंग्रजी, गणित आणि विज्ञान ठरलेले आहेत. पाचवा तिनं गृहविज्ञान निवडलाय. आईचं म्हणणं, एवढ्यासाठी पोरीला घरी ठेवलीत होय? थोरलीचं म्हणणं, अर्धा अभ्यास आधीच झालाय, मार्क फुकट का सोडायचे? मला तिचा हिशेब पटतो. चित्रकला घे असं मी सुचवून बघितलं, तर तिनं माझ्याकडे जी नजर टाकली ती शाळेतल्या बाईंना शोभली असती.

दुसरा वाद धाकट्याचा. त्याला जूनपासून शाळेत जायचंय. कारण विचारलं तर सोसायटीतल्या मित्रांकडून त्याला कळलंय की तिथे रोज दुसऱ्यांच्या डब्यातलं खायला मिळतं. आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. पण ज्या कायद्यात आमच्याबद्दल काही नाही, त्यातच असंही आहे की शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावं. म्हणजे तो सरळ चौथीत बसेल. आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. थोरली म्हणते, पहिल्या दिवशी गुळपोळी दे, म्हणजे बदल्यात मोठा माल मिळेल. आईला वाटतं भाजी-पोळीच हवी, नाहीतर लोक म्हणतील घरात वळण नाही. माझं मत थालीपीठ. कुणी काही बदलून दिलं नाही, तरी ते त्याला एकट्यालाही आवडतं.