सोळा कोअर दिले, तरी डेस्कटॉप अडकलेलेच

वेर्ण्याला आमच्या ऑफिसात साठ जण रिमोट डेस्कटॉपवर काम करतात. नवा सर्व्हर आला, त्यावर चार व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) उभ्या राहिल्या, सगळ्यांची लॉगिनं झाली. तिथवर काही अडलं नाही. पुढचे सहा आठवडे मात्र मी अक्षरशः रडकुंडीला आलो.

सकाळी साडेनऊला सगळे एकदम लॉगिन करायचे आणि टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटायचं. २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या दिवशी, अकाउंट्सच्या ताई नुसत्या स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या. व्हीएममधला टास्क मॅनेजर सीपीयू ४५ टक्के दाखवत होता. निम्मा सीपीयू मोकळा असताना माणसं का खोळंबतात?

सर्व्हर देणाऱ्यांना फोन केला. "कोअर वाढवा." प्रत्येक व्हीएमला १२ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) होते, १६ केले. आणखी बिघडलं. पुन्हा फोन. "मग रॅम घ्या." २५६ जीबीपैकी शंभर जीबी मोकळी आहे, हे मी तीनदा सांगितलं. तरी कोटेशन आलं, ते मंजुरीला गेलं आणि मध्ये चतुर्थी आली. त्या दोन आठवड्यांत एकाही इंजिनियरने आमचे आकडे उघडून पाहिले नाहीत, याचा राग अजून जात नाही.

चतुर्थीला घरी आलेल्या एका मित्राने विचारलं, "रेडी टाइम बघितलास?" व्हीएमकडे काम आहे, पण खरा कोअर मोकळा नाही म्हणून ती ताटकळते, तो हा वेळ. व्हीएमच्या आतून तो दिसत नाही, व्हीएमवेअरच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कन्सोलवर दिसतो. रिअल-टाइम आलेखात आकडा मिलिसेकंदांत आणि २० सेकंदांचा असतो. आमचा होता ३२,०००. भागिले २०,०००, म्हणजे १६० टक्के. ते व्हीएमला दिलेल्या १६ व्हीसीपीयूंत (आभासी कोअरमध्ये) वाटले की प्रत्येकी १० टक्के. पाच टक्क्यांच्या वर गेलं की लोकांना जाणवतं.

चूक माझ्या हिशोबात होती. कन्सोलवर ४८ लॉजिकल प्रोसेसर दिसत होते, ते मी ४८ कोअर धरले. खरे कोअर २४, बाकी हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एकच कोअर दोन असल्यासारखा दिसतो. त्यावर मी वाटले होते ६४, शिवाय डेटाबेस आणि इतर व्हीएमचे १४. मोठ्या व्हीएमचे काही व्हीसीपीयू पुढे गेले की मागे राहिलेल्यांसाठी व्हीएमवेअर त्यांना थांबवून ठेवतं, म्हणून कोअर वाढवल्यावर जास्तच अडलं.

मायक्रोसॉफ्टचा ढोबळ हिशोब असा: हलकं काम असेल तर एका व्हीसीपीयूवर ६ जण, मध्यम ४, जड २. ब्राउझरच्या पंधरा-पंधरा टॅबमुळे आमचं काम जड. म्हणून साठांना ३० व्हीसीपीयू. प्रत्येक व्हीएमला ८ दिले. सोमवारी साडेनऊला रेडी टाइम दोन टक्क्यांच्या आत होता. मी खुर्चीवरून उठून अकाउंट्समध्ये जाऊन पाहून आलो.

रॅमसाठी आधी आठवडाभर मोजा. आमच्याकडे माणशी दीड जीबी निघाली. चारातली एक व्हीएम बंद पडली तर उरलेल्यांवर वीस-वीस जण येतात: त्यांची ३० जीबी, विंडोजला ४, थोडी जास्त धरून ४० दिली आणि ती रिझर्व्ह केली, म्हणजे दुसऱ्या व्हीएमला जाणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं: एक व्हीएम एकाच सॉकेटच्या, म्हणजे एकाच प्रोसेसर चिपच्या, कोअरमध्ये आणि मेमरीत मावेल एवढीच ठेवा.

आणि हो, अँटिव्हायरसचं स्कॅन चारही व्हीएमवर एकाच वेळी लावू नका. आमचं दुपारी एकला लागायचं. आता रात्री, तासा-तासाच्या अंतराने लागतं.