पंख्यातून पाऊस

चार दिवस हॉलच्या पंख्यातून टपटप. पंख्याचा एमसीबी (वीज तोडायचा खटका) पाडला, खाली पातेलं ठेवलं आणि संशय घेतला वरच्या काकूंच्या बाथरूमवर. (फ्लॅटमध्ये राहणारा माणूस दुसरं काय करणार!) पण पाऊस उघडला की तासा-दोन तासांनी टपटप थांबायची. काकू बाथरूम काही पाऊस बघून वापरत नाहीत.

आज उघडीप मिळाली तसा वर गेलो. काकूंनी स्वतःच कपड्यांची नीळ काढून दिली. बाथरूममध्ये निळं पाणी ओतलं, काही नाही. मग बाल्कनीत. पाणी जायच्या भोकाशी पिंपळाचं बोटभर रोप, मुळं थेट भेगेत. बोळा लावून तिथे बादलीभर ओतलं. पाऊण तासाने आमच्या पंख्यातून पहिला निळा थेंब!

बाल्कनी आणि पंखा यांत चांगलं बारा फूट अंतर. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरून, त्यातूनच चालत, पंख्याच्या हुकाशी बाहेर पडत होतं. भिंतीवर ओल नाही, पोपडे नाहीत. सापडणार कसं?

रोप उपटलं, पण मुळं आत तुटली. गवंडी रविवारी येतोय. तोवर पातेलं तिथेच.

काकू फेसबुकवर नाहीत, हे एक बरंय.