शॅननच्या दोन काठांवर : उडत्या बोटी आणि इलन पाइप्स

डब्लिन ते लिमरिक हा दोनशे किलोमीटरचा मोटरवे आहे. तो भराभर संपवावा. लिमरिक मागे टाकून शॅनन नदीच्या खाडीकडेने फॉइन्सचा रस्ता धरला, की उजवीकडे पाणी दिसू लागतं आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

आम्ही निघालो होतो क्लेअर काउंटीतल्या मिलटाउन मॅलबे या गावाला. दरवर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल सुरू होतं. आयरिश पारंपरिक संगीताचा हा मोठा मेळा मला कधीपासून पाहायचा होता. आधी फॉइन्सचं फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं, संग्रहालय पाहायचं हा नवऱ्याचा आग्रह होता आणि तो अगदी योग्य ठरला.

फॉइन्स हे लिमरिक काउंटीतलं छोटंसं बंदराचं गाव. 1930 च्या दशकात अटलांटिक ओलांडणाऱ्या अवजड विमानांना पुरतील अशा लांब धावपट्ट्या फारशा नव्हत्या, म्हणून विमानं पाण्यावर उतरवायची. युरोपचं पश्चिम टोक, खाडीचं शांत पाणी आणि समोरच्या बेटाचा आडोसा, एवढ्या जोरावर या गावाला जगाच्या नकाशावर जागा मिळाली. 5 जुलै 1937 ला इथून ‘कॅलेडोनिया’ ही उडती बोट पश्चिमेला झेपावली आणि त्याच रात्री न्यूफाउंडलंडच्या बॉटवुडहून ‘क्लिपर थ्री’ इकडे निघाली. दोन्ही दुसऱ्या दिवशी सुखरूप पोचल्या. पश्चिमेला जाणाऱ्या बोटीला समोरून वारा, त्यामुळे तिला जास्त तास लागले.

संग्रहालय जुन्या टर्मिनलच्याच इमारतीत आहे. त्याआधी तिथे हॉटेल होतं. रेडिओ आणि हवामानाच्या खोलीत त्या काळची यंत्रं मांडली आहेत, मोर्सची कट्टकट्ट ऐकता येते. पण पाय खिळतात ते बोइंग 314 या उडत्या बोटीच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीत. आत शिरल्यावर बैठकीच्या खोल्या, रात्री पलंग होणारी आसनं, जेवणघर आणि शेपटाकडे नवविवाहितांसाठी वेगळी खोली. पंख इतके जाड, की उड्डाण चालू असताना मेकॅनिक आतून चालत इंजिनापर्यंत जाऊ शके. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि एकेरी तिकीट त्या काळचे 375 डॉलर. युद्धाच्या वर्षांत आयर्लंड तटस्थ होतं, त्यामुळे सैनिकी अधिकारी साध्या कपड्यांत इथून ये-जा करत, निर्वासितही येत. खराब हवेमुळे अर्ध्या वाटेतून परतलेल्या, गारठलेल्या प्रवाशांना जो शेरिडन या आचाऱ्याने कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडून दिली. आयरिश कॉफीचा जन्म इथलाच. आम्हीही एक कप मागवला. साय ढवळायची नाही, तिच्याखालून गरम कॉफी प्यायची.

बोइंग 314 एकूण बाराच बांधली गेली. जिच्या नावाची प्रतिकृती इथे उभी आहे ती ‘यँकी क्लिपर’ फेब्रुवारी 1943 मध्ये लिस्बनला नदीत कोसळली. बाकीचीही गेली, आज बारांपैकी एकही शिल्लक नाही. 1945 मध्ये खाडीपलीकडच्या रिनॅनाच्या धावपट्टीवर, म्हणजे आजच्या शॅनन विमानतळावर, सगळी वाहतूक गेली आणि फॉइन्स पुन्हा गाव झालं. त्या विलक्षण यंत्रांचं आयुष्य इतकं थोडं, याची मला मनापासून हळहळ वाटली.

फॉइन्सच्या पुढे, खाडीच्या याच काठावरच्या टारबर्टहून फेरीत गाडी चढवली, की वीस मिनिटांत क्लेअरच्या बाजूला किलिमरला उतरता येतं. लिमरिकवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचतो. या खाडीत डॉल्फिन कायम वस्तीला आहेत. वर डेकवर उभं राहावं. आम्हाला दिसले नाहीत, मनीपॉइंटच्या वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या मात्र सतत सोबत होत्या.

मिलटाउन मॅलबेचा मुख्य रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज चालून होतो. या आठवड्यात त्यावर फिडल (व्हायोलिन), बासरी आणि कॉन्सर्टिना या छोट्या अकॉर्डियनसारख्या वाद्याच्या पेट्या पाठीला लावलेली माणसं दिसतात. विली क्लॅन्सी याच भागातला, पेशाने सुतार आणि इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपचा थोर वादक. तो 1973 च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी मित्रांनी हे शिबिर सुरू केलं. इलन पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी, बोटं सुरावटीच्या नळीवर. शिवाय अखंड आधारस्वर देणाऱ्या नळ्या आणि मनगटाने दाबायच्या कळा वेगळ्याच. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज, सात वर्षं वाजवायचं, मग माणूस पाइपर होतो, अशी तिथली म्हण आहे. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पबमधल्या बैठकीला मंच नसतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक बसतात, एक जण सुरुवात करतो आणि माहीत असलेले त्यात शिरतात. एक धून दोन-तीनदा वाजली, की न थांबता पुढची. जिग ही नाचाची धून सहा मात्रांची, त्यामुळे दादऱ्यावर वाढलेल्या माझ्या पायाला ती लगेच सापडली. रील या दुसऱ्या प्रकारच्या नाचाच्या धुनेला मात्र कान द्यावा लागला. आजोबांच्या वयाच्या एका पाइपरशेजारी एक लहान मुलगी फिडल घेऊन बसली होती. तो मध्येच थांबायचा, एखादी अलंकाराची जागा पुन्हा वाजवून दाखवायचा आणि ती मान डोलावून तशीच काढायची. कुणी चित्रण करत नव्हतं. करायचं असेल तर आधी विचारावं.

विलीच्या वडिलांनी गॅरेट बॅरी या अंध पाइपरकडून धुना घेतल्या होत्या. बॅरी 1899 मध्ये गेला, धुना वडिलांकडून विलीकडे आल्या आणि आता त्या या टेबलाशी होत्या. एवढ्या पैशांची, एवढ्या कर्तबगारीची बारा विमानं गेली आणि दरिद्री अंध माणसाच्या धुना राहिल्या, कारण त्या कुणीतरी शेजारी बसवून शिकवल्या. हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

मुक्काम आम्ही किलरशला केला होता. या आठवड्यात मिलटाउनमध्ये खोली हवी असेल तर महिनोन्‌महिने आधी बघावं लागतं. रविवारी सकाळी स्पॅनिश पॉइंटच्या किनाऱ्यावर फिरलो, दुपारी पुन्हा एक बैठक ऐकली आणि परतीला लागलो. वर्ग सोमवारी सुरू होतात, त्यामुळे शनिवार-रविवारात शिकणं होत नाही, फक्त ऐकणं होतं. पुढच्या जुलैत आठवडाभराची रजा टाकून टिन व्हिसल या छोट्या धातूच्या बासरीच्या वर्गात नाव घालणार आहे.