दाभण, सूत आणि उझबेकिस्तानची पानं

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मी व्हिएतनामला एकटी चाललेय. गाइडबुक घेऊ का, की फोनवर भागेल?" जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून "घे गं" एवढंच म्हणाले आणि टेबलाकडे वळले. पण घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझं गाइडबुक मी कसं वापरलं, कुठे त्याच्या भरवशावर राहिले आणि कुठे त्यानं मला अडवलं, हे सगळं तिला सांगायला हवं होतं. म्हणून इथं लिहिते आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात मी तेरा दिवस उझबेकिस्तानात फिरले. एकटीच, टूर कंपनीशिवाय. वय तेव्हा ५२. पुस्तक घेतलं होतं मुंबईत, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, जुनं. मध्य आशियाचे पाचही देश एकाच पुस्तकात, आवृत्ती २०१४ ची. मला जायचं होतं एकाच देशात आणि पुस्तक विटेएवढं जड.

आमच्या आण्णांचं मिरजेत बायंडिंगचं दुकान होतं. मे-जूनमध्ये शाळेची पुस्तकं, दिवाळीआधी व्यापाऱ्यांच्या चोपड्या, एरवी कचेऱ्यांची रजिस्टरं. खळ शिजवायची, पुठ्ठे कापायचे, दाभणानं भोकं पाडायची ही कामं मी दहाव्या वर्षापासून केली आहेत. त्यामुळे पुस्तक फाडायला हात कचरले नाहीत. पाठीवर इस्त्री फिरवून गोंद मऊ केला, उझबेकिस्तानचा भाग काढला, शेवटची भाषेची, प्रवासाची, तब्येतीची पानं काढली. सुट्या पानांचे छोटे गठ्ठे केले आणि प्रत्येक गठ्ठ्यात मधेमधे कोरी पानं घातली. एकेक गठ्ठा कडेनं शिवला, मग सगळे एकमेकांना जोडले आणि वर निळं बायंडिंगचं कापड चढवलं. आण्णा म्हणायचे, पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की त्यानं निमूट पडून राहावं. तसं अगदी नाही झालं, पण गुडघ्यावर उघडं राहत होतं, एवढं मला पुरे होतं.

ती कोरी पानंच पुढं सर्वांत जास्त कामाला आली.

दिल्लीहून ताश्कंदला जाणारं विमान तीनेक तासांत पोचतं. तेवढ्या वेळात मी भाषेचं पान घेऊन बसले. उझबेक भाषा आता रोमन लिपीत लिहितात, पण पाट्यांवर रशियन लिपी अजून भरपूर आहे. ती बघताना डोळा फसतो. इंग्रजी 'पी' दिसतो तो 'र' असतो, 'सी' दिसतो तो 'स', 'एच' दिसतो तो 'न'. पुस्तकात ही अख्खी लिपी एका पानावर होती. ते पान मी पाटीवर बाराखडी गिरवावी तसं गिरवलं आणि शेजारच्या कोऱ्या पानावर प्रत्येक अक्षरापुढं देवनागरी अक्षर लिहिलं. ताश्कंदला पहिल्या संध्याकाळी दुकानावरची 'अप्तेका' ही पाटी अडखळत वाचली आणि औषधाचं दुकान सापडलं, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. फोन कॅमेऱ्यानं पाटी वाचून देतो हे खरं. पण धावत्या गाडीच्या खिडकीतून सरकणारी गावाची नावं वाचायला अक्षरं डोक्यातच असावी लागतात.

शब्दांचंही तसंच. माझ्या त्या पानावर मराठीत नोंदी वाढत गेल्या. चायखोना, ओशखोना म्हणजे चहाची आणि जेवणाची ठिकाणं. 'खोना' म्हणजे आपला दवाखान्यातला, कारखान्यातला 'खाना'. 'पियोझ' म्हणजे कांदा. आणि 'सब्झी' म्हणजे फक्त गाजर! मी शाकाहारी. पहिल्या दिवशी "सब्झी, सब्झी" म्हणत राहिले आणि ताटात किसलेल्या गाजराची कोशिंबीर आली. पुस्तकात शाकाहारी माणसासाठी एक छोटी चौकट होती, त्यातला 'गोश्तसिझ', म्हणजे मांसाशिवाय, हा एक शब्द माझ्या उपयोगाचा निघाला. तिथला पुलाव मांस घालूनच शिजतो, बऱ्याचदा मेंढीच्या शेपटीच्या चरबीत. तो मी सोडला. तंदूरमधली लाल भोपळ्याची सोमसा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, तीळ लावलेली गोल 'नोन' आणि खरबूज यांवर मी तेरा दिवस छान राहिले. भोपळ्याच्या सोमशातही कधी चरबी घालतात, विचारून घ्यावं, ही नोंद मात्र माझी.

आता पुस्तक कुठं चुकलं ते सांगते. त्यात परकीय चलनावर मोठा मजकूर होता. सरकारी दर वेगळा, बाजारातला दर बराच जास्त, बाजारात नोटांच्या थप्प्या घेऊन उभी राहणारी माणसं, काय जपायचं, काय टाळायचं. २०१४ साली ते खरंच होतं. पण सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारनं दोन्ही दर एक केले आणि ती सगळी पानं एका दिवसात बाद झाली. मी गेले तेव्हा बँकेतच एका डॉलरला साडेनऊ हजार सोमच्या (तिथलं चलन) आसपास मिळत होते. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागतं असंही पुस्तकात होतं. मी घरी बसून ई-व्हिसा काढला होता.

ताश्कंद मेट्रोचं तर अजून मनाला लागतं. १९७७ साली सुरू झालेली ही मेट्रो मध्य आशियातली पहिली, आणि तिची स्थानकं राजवाड्यासारखी सजवलेली आहेत. पुस्तक म्हणालं, आत फोटो काढायला सक्त मनाई, पोलीस पकडतील. मी कॅमेरा पिशवीच्या तळाशी घालून अख्खा दिवस फिरले. कॉस्मोनाव्तलार, म्हणजे अंतराळवीरांच्या, स्थानकात भिंतीवर गागारिन आहे, तेरेश्कोवा आहे आणि त्यांच्या रांगेत पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलशास्त्रज्ञ राजा उलुग बेगसुद्धा आहे. तिथं मी हात बांधून उभी, आणि आजूबाजूला शाळेची पोरं एकमेकांचे फोटो काढत होती. बंदी २०१८ सालीच उठली होती. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून पुन्हा गेले.

पण एक गोष्ट बघा. पुस्तक चुकलं तरी ते किती जुनं आहे हे मला पहिल्या पानावरच कळलं होतं. वर्ष छापलेलं होतं. त्या हिशेबानं पैसे, व्हिसा, भाडी, हॉटेलं या पानांवर मी आधीच पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं टाकली होती आणि निघण्यापूर्वी नेटवर तपासली. नेटवर याच विषयाची जी माहिती मिळाली त्यातली निम्मी बिनतारखेची होती. २०१२ मधलं आणि २०१९ मधलं एकाच सुरात लिहिलेलं. मेट्रोच्या ओळीवर प्रश्नचिन्ह टाकायचं राहिलं, ती चूक माझी.

जे शिळं झालं नाही ते म्हणजे तिथली रीत. बुखाराहून खिवाला जायचं तर किझिलकुम वाळवंट ओलांडून साडेचारशे किलोमीटर. पुस्तकात समजावलं होतं की गावाबाहेरच्या बाजारापाशी शेअर टॅक्सी उभ्या असतात, चार सीट भरल्या की सुटतात, भाव एका सीटचा ठरवायचा, पैसे उतरताना द्यायचे, आणि चालक "अख्खी गाडी घ्या" म्हणाला तर घाबरायचं नाही. हे वाचलं आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण हे तर आपलं वडाप! मिरज-सांगली वडापमध्ये ज्यांचा जन्म गेला त्यांना किझिलकुमचं काय भय? एक आजी, एक कॉलेजचा मुलगा, एक गृहस्थ आणि मी अशी गाडी भरली. वाटेत माझं निळं पुस्तक सगळ्यांच्या हातांतून फिरलं. आजींनी फोटोंतल्या प्रत्येक घुमटाचं नाव सांगितलं. त्या मुलानं कोऱ्या पानावर चहाच्या थांब्याचं नाव लिहून दिलं. मी माझा फोन असा गाडीभर फिरवला नसता आणि त्यांनीही तो मागितला नसता.

खिवाच्या अलीकडच्या उर्गेंच शहरात उतरल्यावर खिवापर्यंत ट्रॉलीबस आहे, ही एक ओळ पुस्तकात कोपऱ्यात होती. ३५ किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, वर विजेच्या तारा आणि त्यांना टेकून कपाशीच्या शेतांमधून सावकाश जाणारी बस. मुंबईत साठच्या दशकात ट्रॉलीबस होती असं आण्णा सांगायचे, ते एकदा तीत बसलेही होते. मी टॅक्सीवाल्यांना नको म्हटलं आणि दीडेक तास त्या बसमध्ये खिडकीशी बसून आले. ती ओळ नसती तर ट्रॉलीबस आहे का, असं मी नेटवर कशाला शोधलं असतं?

पण हेच पुस्तक खिवाला रेल्वे येते हे सांगत नव्हतं. रूळ २०१८ च्या अखेरीस तिथवर पोचले होते. गेस्टहाउसच्या मालकिणीबाईंनी ते सांगितलं आणि माझी पेन्सिल घेऊन नकाशाच्या पानावर स्टेशन काढून दिलं. परत येताना मी रात्रीच्या गाडीनं ताश्कंद गाठलं.

आणखी एक उणीव आहे आणि तिच्यावर आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही. ही पुस्तकं दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी लिहिलेली असतात. माझ्या पुस्तकात लालबहादूर शास्त्रींचं नाव नव्हतं. ११ जानेवारी १९६६ ला ते ताश्कंदमध्येच वारले, तिथं त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आण्णांच्या दुकानात शास्त्रीजींचा फोटो होता, आणि मी त्या गावी जाऊन तिथं न जाणं शक्यच नव्हतं. ते मी कोऱ्या पानावर घरूनच लिहून नेलं होतं.

समरकंदच्या वेधशाळेचंही तसंच. उलुग बेगनं १४२० च्या दशकात बांधलेली ती इमारत त्याच्या खुनानंतर पाडली गेली आणि जागाही विसरली गेली. १९०८ साली व्यात्किन नावाच्या संशोधकानं जमिनीच्या एका जुन्या दस्तऐवजावरून ती शोधली. डोंगरात कोरलेल्या खाचेत उतरणारा प्रचंड यंत्राचा कंस तेवढा आता शिल्लक आहे. एवढं पुस्तकात होतं, आणि चांगलं लिहिलं होतं. पण उलुग बेगची १०१८ ताऱ्यांची सारणी पुढं सवाई जयसिंगानं आपल्या सारणीसाठी आधाराला घेतली, जयपूरचा जंतरमंतर बांधणारा तोच, हे नव्हतं. जयपूर बघून आलेल्या माणसाला त्या खाचेपाशी उभं राहिल्यावर काय वाटेल याचा विचार लेखकानं करायचं कारणच नव्हतं. तो विचार मी केला. तिथल्या कट्ट्यावर बसून दोन पानं भरून लिहिलं.

बुखाराचा 'चोर मिनोर' बघायला मात्र पुस्तकाच्याच नादानं गेले. 'चोर' म्हणजे तिथल्या ताजिक भाषेत चार. १८०७ सालच्या एका मदरशाचं उरलेलं प्रवेशद्वार, चार निळ्या घुमट्यांचं, घरांच्या दाटीत उभं. फोनवरच्या नकाशानं मला तिथवर नेलं, हेही सांगायला हवं. गल्लीबोळात मी फोनच वापरला, रेल्वेची तिकिटंही फोनवर काढली.

तर ऑफिसातल्या त्या मुलीला माझं सांगणं असं. पुस्तक घे. आवृत्तीचं साल आधी बघ. जुनं स्वस्तात मिळालं तरी चालेल, पैशाची आणि व्हिसाची पानं तेवढी नेटवर तपास. व्हिएतनामची अक्षरं रोमनच आहेत, पण त्यांच्यावरच्या खुणांनी उच्चार आणि अर्थ बदलतो, ते पान विमानात पाठ कर. आणि पुस्तक जसंच्या तसं पिशवीत टाकू नकोस. रविवारी घरी घेऊन ये. दक्षिणेकडे जाणार नसशील तर तो भाग काढून टाकू, मधे कोरी पानं घालू. सूत आणि दाभण माझ्याकडे आहे, निळं कापडही हातभर उरलं आहे.